थार रॉक्स: दारे हवीत की चारही चाकांची ओढ?

प्रश्न: आम्ही बेंगळुरूत राहतो, गाव बेळगावजवळ. घरात पाच माणसे. थार रॉक्स फोर-बाय-फोर घ्यावी का? (एक वाचक, मल्लेश्वरम)

उत्तर: गाडी जरूर घ्या, फोर-बाय-फोर मात्र नको. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या रॉक्सचा खरा बदल पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात, म्हणजे व्हीलबेसमध्ये आहे. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, हिचा २८५०. त्या ४०० मिलिमीटरमुळेच मागची दोन दारे, तिघांचे आसन आणि सामानाची जागा मिळाली. घरात आजी असेल, तर तिला पुढची सीट वाकवून मागे चढावे लागत नाही, हे मला सगळ्यांत मोलाचे वाटते. भारत एनकॅप या सुरक्षा चाचणीचे पाच तारेही मिळाले आहेत.

पावसात आऊटर रिंग रोड तुंबतो, मग चारही चाकांना ओढ नको का, असे तुम्ही म्हणाल. पण तुंबलेल्या पाण्यात गाडीची उंची कामी येते, आणि ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या रॉक्सलाही आहे. शिवाय हिची फोर-बाय-फोर कोरड्या डांबरावर लावून ठेवायची नसते. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि यंत्रणेवर ताण येतो. बेळगावचा महामार्ग डांबरीच आहे. फोर-बाय-फोरची सोय फक्त डिझेलमध्ये, जास्त पैसे मोजून मिळते, आणि कर्नाटकात रस्ताकर किमतीच्या टक्केवारीने लागतो. कोडगूत मळा असेल, पावसाळ्यात चिखलातून रोजची ये-जा असेल, तर माझे उत्तर बदलेल. रॉक्स कोणतीही घेतलीत, तरी लॅडर फ्रेमच्या सांगाड्यामुळे खड्ड्यांत मागच्यांना हादरे जाणवतात. म्हणून चाचणीच्या वेळी घरच्यांना मागे बसवा.