गिटारमधली घूं आणि गायब झालेला बास

भिवंडीत हेवी मेटलचा अल्बम करायचा तर आधी शेजारच्या यंत्रमागांशी जमवून घ्यावं लागतं. इथल्या चौघा पोरांनी गल्लीतल्याच एका खोलीत गाणी रेकॉर्ड करायला घेतली. भिंतींना गाद्या टांगल्या, खिडकीत फोम कोंबला. खोलीतला घुमारा गेला, मागांची खटखट तशीच. मग माग बंद असलेला दिवस गाठला. ड्रम्स स्वच्छ आले, पण गिटारमध्ये सलग ‘घूंऽऽ’ उरली.

ती येत होती वायरिंगमधून. घरातली वीज ५० हर्ट्‌झची. गिटारच्या तारांची थरथर टिपणारा एकेरी कॉइलचा पिकअप तिची गुणगुण पकडतो आणि डिस्टॉर्शन तिला राक्षस करून सोडतं. दोन उलट्या कॉइलचा हंबकर तिला बरंच मारतो. त्याखेरीज इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं, सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावावीत, गिटारची केबल अडॅप्टरपासून लांब ठेवावी. घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिनच उपटणारे महाभाग असतात. तारांवर हात असताना शॉक बसला तर अल्बम कुणी पुरा करायचा?

चौघांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली: अँपच्या जोडीला गिटारचा कोरा सिग्नलही वेगळा रेकॉर्ड केला. त्यामुळे टोन नंतर बदलता आला, पुन्हा वाजवावं लागलं नाही.

खरी भांडणं मिक्सिंगला होतात. गिटारवाल्याला गिटार वर हवी, ड्रमरला ड्रम्स. बासवाला बिचारा गप्प. मेटॅलिकाच्या १९८८च्या ‘…अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये जेसन न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. ड्रमर लार्स उलरिकच्या आग्रहाखातर तो खाली आणला, असं मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननं पुढे सांगितलं. गिटारला वजन येतं ते बासमुळे, हे बास बंद करून एकदा ऐकलं की कळतं. त्याच बँडच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये आवाज इतका दाबून चढवला की तो फाटला, ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधली तीच गाणी चाहत्यांना जास्त मोकळी वाटली. आता तर स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं. चढवलेला आवाज तिथे उतरतो, फाटलेपणा तेवढा राहतो.

गाणी किती घ्यायची, यासाठी मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या मेटल बँडचा ‘दशावतार’ (२०१७) भिवंडीच्या चौघांनी जरूर ऐकावा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. अशी चौकट असली की ‘अजून एक टाकूया’ला जागा उरत नाही, स्टुडिओची शिफ्ट तासांवर धावत असताना ही केवढी बचत! बँडच्या साहिल मखिजानं डेमनस्टीलर रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल काढलं आणि इतरांचेही अल्बम आणले.

कागद आधी करावेत. शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे सह्यांनिशी ठरलेलं असलं की आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी संस्थेकडे नोंदणी करताना वाद होत नाही. मिक्सिंगवाल्याकडून नुसतं तयार गाणं घेऊन निघू नये. प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या वेव्ह फाइल्स दोन हार्ड डिस्कवर घ्याव्यात, आणि त्या दोन्ही एकाच घरात ठेवू नयेत.