कागदावरचे वय आणि मनातले वय

गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला वय विचारा. "असेल साठ-पासष्ट," असे तो म्हणेल. खोदून विचारले, तर सांगेल, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होतो. मिसरूड फुटलं होतं तेव्हा." म्हणजे १९७२ साली तो सोळा-सतराचा असणार. करा आता हिशेब! सत्तरीच्या घरात गेला की हो तो.

पूर्वी शाळेत नाव घालताना पुष्कळ आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावीत. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचे! शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून रजिस्टरात तारीख पडे १ जून. आम्ही शाळेत जन्म काढला. १ जूनला जन्मलेली इतकी माणसे आम्हाला ठाऊक आहेत, की त्या दिवशी कोणाकोणाचे तोंड गोड करावे हा प्रश्नच पडतो.

हे झाले कागदावरचे वय. दुसरे वय मनात असते. त्याचा दाखला कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

डेन्मार्क नावाच्या देशात लोकांना विचारले, "तुम्हाला स्वतःचे वय किती वाटते?" त्याचा निष्कर्ष २००६ साली छापून आला. चाळिशीपुढच्या माणसांना आपण सरासरीने शेकडा वीस टक्के तरुण आहोत असे वाटत होते. म्हणजे साठ वर्षांच्या माणसाला वाटायचे, आपण अठ्ठेचाळीसचे. उलट पंचविशीच्या आतल्या पोरांना आपण आहोत त्याहून मोठे वाटत होते.

आपल्याकडे मोठे वाटण्याचे कारण कधीकधी फार कडू असते. बाप गेला आणि सतराव्या वर्षी औत हातात आले, की पोरगा पोक्त माणसासारखा बोलू लागतो. पोरवयात लग्न झालेली बाई तिशीतच म्हणते, "आमचं आता काय राहिलंय?" अहो, तिशीत! तिच्या शहरातल्या मैत्रिणीचे तेव्हा कुठे लग्न ठरत असते. या बाईचे वय वाढलेले नसते. तिच्यावरचा भार वाढलेला असतो. घरच्यांनी तो थोडा उतरवला, तर ती पुन्हा तीस वर्षांची होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पाहा. कोकणातले मुरूड हे त्यांचे गाव. जन्म १८५८ चा. त्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. या वयाला सरकारी नोकर पेन्शन घेऊन घरी बसतो. पुढे १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांत शाळा काढण्यासाठी एक मंडळ स्थापले. १९५८ साली वयाची शंभरी भरली, त्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले.

ते थोर पुरुष, आपले काय, असे म्हणाल. तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसल्या. नातवंडांच्या वयाला जे करायचे, ते त्यांनी सत्तरीत केले.

मात्र अंगाचे एक तिसरे वय असते, आणि ते कोणाचे ऐकत नाही. चाळिशी हे वयाचे नाव आणि चष्म्याचेही नाव, ते उगाच नाही. त्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे अक्षर पुसट दिसते. आपल्या वर्गातले कितीतरी जण म्हणतात, "गुरुजी, या वयात डोक्यात शिरत नाही." डोक्यात शिरत नाही असे नाही हो, डोळ्यांना दिसत नाही! चष्मा लावून बघा. तसेच हाडांचे. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. मनाने तिशीतली असली, तरी सासूबाईंनी कौले शाकारायला शिडीवर चढू नये.

आणि कागदावरचे वयही सोडून चालत नाही. एस. टी.ने २०२२ साली पंचाहत्तरी पुरी झालेल्यांना मोफत प्रवास दिला. कंडक्टरसमोर मनातले वय कामाचे नाही. एरवी "मी काय म्हातारा आहे काय?" म्हणणारे तेथे कार्ड आधी काढतात.

आता वही घ्या. चालू साल लिहा, त्याखाली जन्माचे साल लिहा आणि वजाबाकी करा. साल ठाऊक नसेल, तर थोरल्या बहिणीला किंवा चुलतीला विचारा. शेजारी मनातले वय लिहा. मग घरातल्या प्रत्येकाला विचारून त्यांचेही दोन आकडे मांडा. आजीचा आकडा ऐकून हसू येईल. सुनेला विचाराल, तेव्हा मात्र तिला हातातले काम ठेवून खाली बसू द्या.