कादंबरी लिहून झाल्यावर : प्रकाशकास लिहावयाच्या पत्राविषयी

आपल्या वार्षिकांकात कविता, कथा व प्रवासवर्णने दरवर्षी येतात. परंतु लिहून झालेले पुस्तक प्रकाशकाच्या दारापर्यंत कसे न्यावे, ह्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. गेल्या दोन वर्षांत मुलांसाठी लिहिलेली एक प्राणिकादंबरी घेऊन मला ही वाट चालावी लागली. त्या वाटेवर जे शिकलो ते विद्यार्थीमित्रांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रजी ग्रंथव्यवहारात लेखक व प्रकाशक यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असतो. त्याला ‘लिटररी एजंट’ म्हणतात. ए. पी. वॉट या गृहस्थाने १८७५ च्या सुमारास लंडनमध्ये हा व्यवसाय सुरू केला. हस्तलिखितासाठी योग्य प्रकाशक शोधायचा, करार ठरवायचा आणि लेखकाच्या मिळकतीतून शेकडा १० घ्यायचे, अशी त्याची रीत होती. रुडयार्ड किपलिंगचे काम तोच पाहत असे. किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मधील (१८९४) जंगल म्हणजे नागपूरच्या उत्तरेकडील सिवनीचा मुलूख होय. आजही तिकडचा लेखक प्रथम एजंटला एक पानाचे पत्र, कथासार व सुरुवातीची काही पाने पाठवतो. पत्र आवडले तरच पुढचे मागवले जाते.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला ‘मधला माणूस’ म्हटले की मुकादम आठवतो. पण दोघांत फरक आहे. मुकादम आधी उचल देतो व मग काम घेतो. एजंट आधी काही देत नाही आणि काही मागतही नाही; पुस्तक विकले गेले तरच त्याला त्याचा हिस्सा मिळतो. म्हणून ‘आधी पैसे भरा, मग तुमचे पुस्तक प्रकाशकाला दाखवतो’ असे कोणी म्हणाला, तर सावध व्हावे.

मराठीत ही प्रथा रुजली नाही. येथे लेखकच आपला एजंट असतो. हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे पाठवावे लागते. तत्पूर्वी एखादे प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून मासिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे पाठवता येते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजनाही आहे. मार्ग कोणताही घ्या, सोबतचे पत्र मात्र आपल्यालाच लिहावे लागते, आणि माझी चूक नेमकी तेथेच झाली.

माझे पहिले पत्र दोन पानांचे होते. कादंबरी ‘हृदयस्पर्शी’, ‘संस्कारक्षम’ व ‘आबालवृद्धांना आवडेल अशी’ आहे, असे मी लिहिले होते. कथेतील बैलाचे नाव त्यात एकदाही नव्हते. बैल ज्या घरचा, त्या घराला मी ‘एक कष्टाळू शेतकरी कुटुंब’ म्हटले होते. तीन महिन्यांनी नकार आला. कथा कोणाची व कशाविषयी आहे ते पत्रावरून कळत नाही, असे त्यात दोन ओळींत कळवले होते.

ते पत्र मी मराठीच्या सरांना दाखवले. त्यांनी विचारले, “बैल कोणाचा?” मी म्हणालो, “कादंबरीतल्या कुटुंबाचा.” सरांनी पुन्हा तोच प्रश्न केला. तेव्हा मला सांगावे लागले की बैल आमचाच होता. माझे आईवडील टायरगाडी घेऊन दरवर्षी ऊसतोडीला जातात. एका हंगामात उचल फिटली नाही, म्हणून पवळ्याला तिकडेच विकून ते परतले. धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता. पवळ्या कधी येणार, हे तो पाऊस पडेपर्यंत विचारत होता. त्याला सांगायला म्हणून मी ही गोष्ट रचली. गोष्टीत पवळ्या परत येतो. कादंबरीत मी फड, कोप, वाढे, मुकादम सारे लिहिले होते. पण अनोळखी प्रकाशकाला पत्र लिहिताना ऊसतोडीचे नाव घ्यायची मला लाज वाटली. जे कादंबरीचे बळ होते, तेच मी पत्रातून काढून टाकले होते.

त्यानंतर मी अशा पुस्तकांचा थोडा अभ्यास केला. एरिक नाइटच्या ‘लॅसी कम-होम’मध्ये (१९४०) यॉर्कशरमधील खाणकामगाराचे कुटुंब गरिबीमुळे आपली कुत्री विकते आणि ती स्कॉटलंडहून चालत घरी येते. रिचर्ड ॲडम्सच्या ‘वॉटरशिप डाउन’मध्ये (१९७२) ससे बोलतात, पण त्यांचे वागणे सशाचेच आहे, त्यासाठी लेखकाने लॉकली या निसर्गअभ्यासकाच्या ग्रंथाचा आधार घेतला होता. धनगोपाल मुखर्जी या भारतीय लेखकाला कबुतराच्या साहसकथेसाठी १९२८ साली अमेरिकेचे न्यूबेरी पदक मिळाले. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ (१९८२) मुलांसाठी लिहिलेली नाही. तथापि वानरांच्या टोळ्यांवरील ही कादंबरी प्राण्याकडे कसे पाहावे हे शिकवते. ह्या सर्वांत प्राणी कोण, त्याला काय हवे आणि त्याच्या आड काय येते, हे दोन वाक्यांत सांगता येते. स्वतःच्या कादंबरीविषयी ते सांगता येत नसेल, तर पत्र बाजूला ठेवून कादंबरीच पुन्हा वाचावी.

माझ्या दुसऱ्या पत्रातील मुख्य परिच्छेद असा होता :

“आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी ही अंदाजे २५ हजार शब्दांची कादंबरी आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा बैल पवळ्या हंगाम संपताना सांगलीकडे विकला जातो. तो दावे तोडून पंढरपूर, बार्शी, कळंब ह्या वाटेने धारूरच्या डोंगराकडे निघतो. नवा धनी मागावर आहे व वाटेत कोंडवाडे आहेत. कथेतील प्राणी बोलत नाहीत. पवळ्या घरी पोहोचेल का, आणि पोहोचला तर त्याला ठेवून घेण्याची ऐपत त्या घरात आहे का, हा कादंबरीचा प्रश्न आहे.”

ह्याखाली मी कोण, हे तीन ओळींत लिहिले व त्यांत आईवडिलांचे काम लपवले नाही. पत्राला पहिली दोन प्रकरणे व एक पानाचे कथासार जोडले. कथासारात शेवट सांगून टाकावा. प्रकाशकाला तो ठाऊक असणे आवश्यक असते. तसेच पत्र पाठवण्यापूर्वी त्या प्रकाशकाची दोन-तीन बालपुस्तके वाचावीत. केवळ कवितासंग्रह काढणाऱ्याकडे बैलाची गोष्ट पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो.

कराराविषयी थोडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. लेखकाच्या हयातीत व पुढे ६० वर्षे हक्क टिकतो. तेव्हा आनंदाच्या भरात ‘सर्व हक्क कायमचे’ ह्या शब्दांखाली सही करू नये.

नकाराने खचूही नये. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरची ‘पीटर रॅबिट’ची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा १९०१ साली तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पूर्वी नकार दिलेल्या फ्रेडरिक वॉर्न ह्या प्रकाशनसंस्थेनेच १९०२ मध्ये ते पुस्तक काढले.

दुसरे पत्र पाठवण्याआधी मी ते वडिलांना वाचून दाखवले. मूळ कथासारात पवळ्या मांजरा नदीच्या पुरातून पोहून येत होता. वडील म्हणाले, “चैतात मांजरीला पूर कुठला आलाय? बैल पाण्यानं नाही आडायचा, तहानंनं आडंल.” मी ते प्रकरण पुन्हा लिहिले. आता पवळ्या कोरड्या पात्रात वाळू हुंगत एका झऱ्याशी येतो, आणि माझ्या मते कादंबरीतले ते सर्वांत चांगले प्रकरण झाले आहे.

पत्राचे उत्तर आले. प्रकाशकांनी संपूर्ण हस्तलिखित मागवले असून ते सध्या त्यांच्याकडे आहे. निर्णय काय होईल ते होवो. हस्तलिखिताची एक प्रत घरी ठेवली आहे. भाऊ आता चौथीत आहे आणि रोज एक प्रकरण मोठ्याने वाचतो.