वहीतली बाकी कानांनी ऐका

तायांनो, चिंचवड स्टेशनवर लोकलची वाट बघताना घोषणा ऐकली असेल. नीट कान दिला तर आकड्यांपाशी आवाज किंचित तुटल्यासारखा वाटतो. कारण आधी रेकॉर्ड केलेले तुकडे कॉम्प्युटर जोडून वाजवतो. हेच आपल्या हिशोबाला करता येतं. गटातल्या काही जणींना अजून वही वाचता येत नाही. सचिव सांगेल ती बाकी खरी मानून त्या अंगठा देतात. त्यांना आपली रक्कम स्वतः ऐकता यायला हवी, असं मला वाटतं.

यासाठी 'स्क्रॅच' हा फुकट प्रोग्राम पुरतो. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने तो २००७ मध्ये मुलांसाठी आणला. एकदा कॉम्प्युटरवर घेतला की इंटरनेट लागत नाही. 'साउंड्स'मध्ये जाऊन तिथेच आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं.

खरं काम आकड्यांचं आहे. इंग्रजीत एक ते नव्व्याण्णव बोलायला २७ शब्द पुरतात. मराठीत तसं जमत नाही. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, प्रत्येकाचं रूप वेगळं, म्हणून ९९ तुकडे लागतात. वर शंभर, शे, हजार, लाख. शिवाय 'बचत', 'कर्ज बाकी', 'रुपये'. एकूण १०६. दोघी-तिघींनी वाटून घेऊ नका, आवाज एकीचाच ठेवा. (एकोणसाठ आणि एकोणसत्तरपाशी सगळ्याच अडखळतात, तिथे दोनदा ऐका!)

प्रत्येक तुकड्याला त्याच आकड्याचं नाव द्या, पण इंग्रजी अंकांत, कारण प्रोग्रामचं उत्तर इंग्रजी अंकांत येतं.

आता १२५० घ्या. हजाराने भागलं की १, बाकी २५०. तिला शंभराने भागलं की २, बाकी ५०. वाजवायचं: एक, हजार, दोन, शे, पन्नास. भागाकार शून्य आला तर तो तुकडा गाळायचा. नुसते १०० असतील तर 'एक शे' नको, 'शंभर' वाजवा.

वाजवायचे ठोकळे दोन आहेत. 'स्टार्ट साउंड' घेतलात तर पाचही तुकडे एकदमच सुरू होतात आणि नुसता गोंगाट ऐकू येतो. आपल्याला 'प्ले साउंड अनटिल डन' हवा, तो एक संपल्यावरच पुढचा वाजवतो.

वही मात्र बंद करायची नाही. रक्कम टाइप करणारीही माणूसच, शून्य जास्त पडलं तर कॉम्प्युटर तेच बोलेल. म्हणून दुसऱ्या बाईने वही धरून ताडून बघावं, मगच अंगठा.