गोळ्यांची पाकिटं सोबत आणा

मी पर्फ्युजनिस्ट आहे. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवलेलं असताना रुग्णाचं रक्त फिरवणारं हार्ट-लंग मशीन मी चालवते. आम्ही त्याला नुसतं 'पंप' म्हणतो. नातेवाइकांशी आमची गाठ क्वचितच पडते, म्हणून हे इथे लिहिते आहे.

पंपाच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून आधी भरपूर हेपारिन द्यावं लागतं, दर किलो वजनामागे साधारण 300 ते 400 युनिट. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मी पुन्हापुन्हा तपासते. एरवी शंभर-सव्वाशे सेकंद पुरतात, पंपावर असताना 480 च्या वर ठेवावे लागतात. शेवटी प्रोटामिन देऊन हेपारिनचा असर उतरवतात. पण पंपामुळे प्लेटलेटवर, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तपेशींवर, होणारा परिणाम प्रोटामिनने उतरत नाही. प्लास्टिकच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर यांना घासून त्या चिकटतात, अर्धवट खर्ची पडतात. नळ्यांतल्या द्रवाने रक्त पातळ होतं, थंडाव्याने प्लेटलेट आणखी सुस्तावतात. वेळ लांबेल तसं हे सगळं वाढतं.

एका गृहस्थांना पूर्वी स्टेंट बसवलेला होता. आता झडप आणि बायपास, दोन्ही एकत्र. पंपावरचा वेळ चार तासांच्या पुढे गेला. प्रोटामिननंतर सेकंद जागेवर आले, तरी टाक्यांच्या भोकांतून रक्त झिरपतच राहिलं. छातीत रक्त साचत होतं, पण त्यात गुठळी धरत नव्हती. प्लेटलेट 90 हजार. एरवी एवढ्यावर कुणी असं वाहत नाही. होत्या त्यांच्यात दम नव्हता, एवढाच अर्थ.

रात्री छाती पुन्हा उघडावी लागली. फुटलेली रक्तवाहिनी कुठेच नव्हती. उलगडा मुलाच्या पिशवीतून झाला. फाइलमध्ये प्लेटलेटना सुस्त करणारं क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद म्हणून लिहिलेलं, आणि घरी कोलेस्टेरॉलची म्हणून जी कॅप्सूल चालू होती तिच्यात अ‍ॅस्पिरिनबरोबर तेच क्लोपिडोग्रेल! रुग्ण वाचले. पण एवढी यातायात टळली असती.

म्हणून औषधांची नावं तोंडी सांगू नका, पाकिटंच दाखवा. काढे, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, दुखण्यावरच्या गोळ्या, सगळं.

प्लेटलेट रक्तपेढीत साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यामुळे त्यांचा साठा करता येत नाही. दात्यांना आधीच सांगून ठेवा, आणि त्यांनीही अलीकडे अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी.

आयसीयूत ड्रेनच्या बाटलीकडे बघून घाबरू नका. हळूहळू कमी होणारं रक्त चांगलंच. वाहतं ड्रेन एकाएकी बंद पडलं आणि बीपी घसरलं, तर मात्र डॉक्टर धावतात; आत रक्त अडून हृदयावर दाब आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी पुन्हा आत नेलं म्हणजे कुणाचा हात चुकला, असं धरून भांडू नका.

आणि हे वाचून कुणी स्टेंटवाल्याने स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. स्टेंटच बंद पडू शकतो. कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून थांबवायची, हे सर्जनकडून कागदावर लिहून घ्या.