वहिनीला तीनशे, मैत्रिणीला दीडशे

प्रश्न : माझी वहिनी आणि तिची मैत्रीण, दोघी एकतीस वर्षांच्या, अंगकाठीही सारखीच. दोघींचे आयव्हीएफचे उपचार एकाच डॉक्टरांकडे चालू आहेत. मैत्रिणीला रोज १५० युनिटचं इंजेक्शन, वहिनीला मात्र ३००. ‘एएमएच कमी आहे’ एवढंच कारण कळलं. एका रक्ततपासणीवरून डोस कसा ठरतो? दुप्पट औषधाने यश दुप्पट मिळतं का? आणि माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय, तिनेही ही तपासणी आधीच करून घ्यावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. ही शिल्लक वयाबरोबर घटते, पण एकाच वयाच्या दोघींची सारखी असेलच असं नाही. शिल्लक थेट मोजता येत नाही. तिचा अंदाज दोन खुणांवरून बांधतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन ते दहा मिलिमीटरच्या छोट्या फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणाऱ्या द्रवाच्या पिशव्या, मोजता येतात. आणि याच छोट्या फॉलिकल जे संप्रेरक सोडतात ते एएमएच. फॉलिकल जास्त तर एएमएच जास्त. गंमत म्हणजे हे संप्रेरक आधी सापडलं ते पुरुषगर्भात. तिथे ते गर्भाशय घडवणाऱ्या नलिका विरघळवून टाकतं.

आता डोसाकडे येऊ. दर महिन्याला काही फॉलिकल वाढीच्या पंगतीला बसतात. त्यांचं अन्न म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारं एफएसएच. काही दिवसांत शरीर ते आखडतं घेतं. जी फॉलिकल पुढे गेलेली असते ती तगते, बाकीच्या उपाशी विरून जातात. इंजेक्शनातून बाहेरून एफएसएच दिलं की सगळ्या पंगतीला पोटभर मिळतं. म्हणजे एरवी वाया जाणारी बीजंच वाचतात. इंजेक्शनांनी साठा लवकर संपतो ही भीती म्हणूनच निराधार आहे.

पंगतीला किती जणी बसल्यात, ते एएमएच आणि सोनोग्राफी सांगते. पंचवीस जणी असतील, तर भरपूर वाढणं धोक्याचं. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशांत छोट्या फॉलिकलांची गर्दी होण्याचा विकार असलेल्या मुलींत इतकी मोठी पंगत हमखास दिसते. औषध जास्त झालं तर बीजांडकोश फुगतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साठतं, रक्त घट्ट होतं, क्वचित गुठळ्या होऊन जिवावर बेततं. अशा मुलीचा डोस आधीच कमी ठेवणं, हा या तपासणीचा सगळ्यात मोठा उपकार आहे.

वहिनीची गोष्ट उलटी आहे. पंगतीला चौघीच असतील, तर वीस जणींचा स्वयंपाक करून सोळा नव्या येत नाहीत. नेदरलँड्समध्ये दीड हजार स्त्रियांवर झालेला मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फॉलिकल मोजून कमी-जास्त डोस दिला, तरी सगळ्यांना सरसकट १५० युनिट देण्याच्या तुलनेत बाळं जास्त जन्मली नाहीत. ज्यांच्या फॉलिकल खूप होत्या, त्यांचा त्रास मात्र कमी झाला. एएमएच आणि वजन यांवरून डोस ठरवायचं फॉलिट्रोपिन डेल्टा हे इंजेक्शन युरोपात २०१६ मध्ये मंजूर झालं. त्याच्या चाचणीतही गर्भधारणेचं प्रमाण नेहमीच्या औषधाइतकंच, तीस टक्क्यांच्या आसपास राहिलं.

तरीही डॉक्टर ३०० लिहितात, कारण कधी एखाद-दुसरं बीज जास्त मिळतं. आधीच्या खेपेला प्रतिसाद कमी मिळाला असेल, तर त्यांचा विचार समजण्यासारखा आहे. पण ही इंजेक्शनं महाग असतात आणि घरातली एफडी मोडून आणलेली असतात. म्हणून ‘दीडशेऐवजी तीनशे का?’ हे वहिनींनी विचारलंच पाहिजे. इंजेक्शनांच्या पाचव्या-सहाव्या दिवशीच्या सोनोग्राफीनंतर प्रतिसाद पाहून डोस बदलता येतो, हेही त्यांना सांगा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनाच सांगा. एएमएच बीजांची संख्या सांगतं, गुणवत्ता नाही. गुणवत्ता बहुतांशी वयावर अवलंबून असते आणि एकतीस हे वय वहिनींच्या बाजूचं आहे. मोबाइलवर रिपोर्ट येतो, आकड्यापुढे ‘कमी’ छापलेलं असतं आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरते. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

बहिणीला तपासणीची गरज नाही. २०१७ मध्येच अमेरिकेत, नुकतेच मूल होण्यासाठी प्रयत्न सुरू केलेल्या तीस ते चव्वेचाळीस वयाच्या ७५० स्त्रियांचा अभ्यास झाला. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या या स्त्रियांत कमी एएमएच असलेल्यांनाही इतरांइतक्याच सहजपणे दिवस गेले. दर महिन्याला एकच बीज लागतं, ते कमी साठ्यातूनही येतं. बीजांडकोशावर शस्त्रक्रिया झाली असेल, केमोथेरपी घ्यावी लागणार असेल किंवा घरात कुणाची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, तर मात्र लग्न ठरो न ठरो, तिने स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावं. आणि हो, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच तपासलं, तर आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. पाळी नियमित करायला म्हणून वहिनींना त्या गोळ्या दिल्या होत्या का, एवढं विचारून बघा.