केसपेपर काढण्याआधी

चि. भाच्यास,


गे असणं हा आजार नाही, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन तो आजार असल्याचं आपणच का कबूल करायचं, असा तुझा सवाल. त्यातला पहिला अर्धा भाग शंभर टक्के बरोबर आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये तेच जाहीरपणे सांगितलं आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून मोकळे केले.

पण रात्र रात्र डोळा लागत नाही, जेवण जात नाही, घरून फोन आला की छातीत धडधडतं, या तक्रारी कुठल्या यादीतून कुणी काढलेल्या नाहीत. इलान मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००३ साली याची नीट मांडणी केली: लपवत राहणं, नाकारलं जाण्याची सतत धास्ती, स्वतःबद्दलच मनात मुरलेली घृणा, हा सगळा इतरांच्या वाट्याला न येणारा जादा ताण असतो. मराठी बोलणाऱ्या मुलाला तर यातून सुटकाच नाही. रविवारी कोणाबरोबर सिनेमाला गेलास एवढं विचारलं तरी ‘आला होता’चं ‘आली होती’ करावं लागतं, आणि पुढच्या रविवारी ती थाप लक्षात ठेवावी लागते.

असा मुलगा सरकारी रुग्णालयात जातो तेव्हा काय होतं? केसपेपरच्या खिडकीतून ‘कुठला विभाग?’ असं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं जातं. बाकावर तासभर बसल्यावर नंबर लागतो. आत डॉक्टर मान वर न करता विचारतात, लग्न झालंय का, घरचे मुली बघताहेत का? मुलगा ‘परीक्षेचं टेन्शन आहे’ म्हणतो, झोपेच्या गोळ्या घेऊन बाहेर पडतो. डॉक्टरांनी औषध दिलं ते सांगितलेल्या दुखण्यावर; खरं दुखणं बाकावरच राहिलं.

म्हणून पहिल्या भेटीत परीक्षा पेशंटने घ्यावी. गे तरुणांबरोबर काम केलंय का? आईवडील मुलाला ‘सरळ करून द्या’ म्हणत घेऊन आले तर काय करता? यावर कोणी ‘प्रयत्न करून बघू’ म्हणालं, तर फी गेली तरी चालेल, तिथून उठावं. असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे.

आयोगाला हे करायला भाग पाडलं मद्रास उच्च न्यायालयाने. २०२१ मध्ये न्या. आनंद वेंकटेश यांच्यासमोर दोन तरुणींचं प्रकरण आलं. घरच्यांना नको असलेलं नातं टिकवण्यासाठी त्या मदुराईहून चेन्नईला पळून आल्या होत्या. निकाल लिहिण्याआधी न्यायमूर्तींनी आपल्याला या विषयातलं पुरेसं कळत नाही असं खुल्या मनाने मान्य केलं आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. आपले पूर्वग्रह त्यांनी निकालपत्रातच नोंदवले. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला यात कमीपणा वाटला नाही, हे मुद्दाम सांगतो.

आपल्याकडेही जाणत्याला असं मोकळेपणाने विचारण्याची परंपरा जुनी आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक आपल्या लैंगिक शंका पाठवत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. १९३४ साली त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र चालूच राहिलं.

आता पत्ते. मुंबईत सांताक्रूझला १९९४ साली स्थापन झालेला हमसफर ट्रस्ट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. अशा संस्थांत सुरुवात केली, तर निदान पहिला अर्धा तास ‘गे म्हणजे काय’ हे समजावण्यात जात नाही. रात्री अपरात्री जीव घाबरला तर सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही. आणि ‘समुपदेशक’ अशी पाटी कोणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असते, ती मागायला लाजू नये. गोळ्या लिहून देण्याचं काम मात्र डॉक्टरचंच.

घरी कळण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं २३ वं कलम गुप्ततेचा हक्क देतं. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर सज्ञान मुलाने सांगितलेलं त्याच्या आईबापांपर्यंतही जाता कामा नये. बँकेच्या खात्याला वडिलांचा मोबाइल जोडलेला असेल तर फी रोख द्यावी, कारण मेसेजला कायदा कळत नाही.

याच कायद्याचं १४ वं कलम फार थोड्यांना ठाऊक असतं. कधी दाखल व्हायची वेळ आली तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे सज्ञान माणूस आधीच ठरवून ठेवू शकतो. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिची लेखी संमती हवी. नातेवाईकच असली पाहिजे असं नाही. मित्र चालतो, जोडीदार चालतो. कोऱ्या कागदावर लिहून सही केली की झालं. तुला माझं नाव घालायचं असेल तर माझी तयारी आहे, आधारवरचा पत्ता जुना आहे तेवढा मात्र घालू नकोस.

तुझा,
मामा